मक्याचे कणीस काय सांगते?

श्रावणाच्या सुमारास बाजारात मक्याची कोवळी कणसे येऊ लागतात. निखाऱ्यावर भाजलेले आणि वर तिखट-मीठ व लिंबू चोळलेले कणीस आपण सर्वांनीच खाल्लेले असते. ते सोलताना वरची हिरवी पाने आणि त्यांच्या आतले रेशमासारखे केस आपण ओरबाडून फेकून देतो. या लेखात त्या फेकून दिलेल्या केसांकडे आणि सोललेल्या कणसाकडे जरा निरखून पाहावयाचे आहे.

कणसावर दाणे ओळीने बसलेले असतात. ओळी मोजल्या तर त्यांची संख्या बहुधा सम भरते. १२, १४ किंवा १६. काही कणसे मात्र पूर्ण भरलेली नसतात. कोठे मधेच एखाद-दुसरा दाणा नसतो, कोठे शेंडा रिकामा असतो, तर कोठे एका अंगाला टक्कल पडल्यासारखे दिसते. तेथला दाणा किडीने खाल्ला असेल काय? नीट पाहिले तर कुरतडल्याची कोणतीही खूण दिसत नाही. खरी गोष्ट अशी की, तेथे दाणा धरलाच नाही.

दाणा का धरला नाही, याचे उत्तर त्या केसांमध्ये आणि परागकणांमध्ये आहे. कणसावरील प्रत्येक दाणा म्हणजे वेळेवर येऊन पोचलेला एक परागकण. रिकामी जागा बहुधा न पोचलेल्या परागकणाची असते. म्हणजे मक्याचे कणीस ही परागीभवनाच्या जमाखर्चाची वहीच होय. ती कशी वाचावयाची, ते आता पाहू.

दोन ठिकाणची फुले

जास्वंदीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच जागी असतात. मक्याचे तसे नाही. मक्याच्या ताटाच्या अगदी टोकाला जो तुरा येतो, तो नर-फुलांचा. ताटाच्या मध्यावर, पानाच्या बगलेत जे कणीस येते, ते मादी-फुलांचे. दोन्ही प्रकारची फुले एकाच झाडावर पण वेगवेगळ्या जागी येतात. भोपळ्याच्या वेलावरही असेच असते.

तुऱ्यातील फुलांना रंग नाही, वास नाही आणि मधही नाही. बारीक कणिशकांच्या जोड्या तुऱ्याच्या फांद्यांवर बसलेल्या असतात. प्रत्येक कणिशकात दोन फुले आणि प्रत्येक फुलात तीन पुंकेसर असतात. फूल उमलले की परागकोश बारीक तंतूंवर खाली लोंबू लागतात. त्यांच्या टोकाला छिद्र पडते आणि वाऱ्याच्या हेलकाव्याबरोबर त्यातून पिवळी धूळ झडू लागते. ही धूळ म्हणजेच पराग.

आता कणसाकडे वळू. कोवळे कणीस पानांच्या वेष्टणात पूर्ण झाकलेले असते. आत मधल्या दांड्यावर मादी-फुले ओळीने बसलेली असतात. येथेही कणिशकांच्या जोड्याच असतात. प्रत्येक कणिशकातील एकच फूल वाढते आणि दुसरे खुरटते. जोडीमुळे दोन फुलांच्या दोन ओळी तयार होतात. दाण्यांच्या ओळी सम संख्येत का असतात, याचे कारण हेच.

प्रत्येक मादी-फुलात एक अंडाशय आणि त्यात एक बीजांड असते. अंडाशयाच्या टोकातून एक लांब तंतू निघतो आणि वेष्टणाच्या शेंड्यातून बाहेर डोकावतो. हाच आपण फेकून देतो तो केस. शास्त्रीय भाषेत सांगावयाचे तर मक्याचा केस म्हणजे त्या फुलाची कुक्षी आणि कुक्षिवृंत. कणसाला केस किती? जितकी बीजांडे तितके. एका चांगल्या कणसावर साधारणपणे ४०० ते ६०० दाणे असतात. तेव्हा निदान तितके केस बाहेर आलेले असले पाहिजेत आणि त्यांतील प्रत्येकावर एक तरी जिवंत परागकण पडलेला असला पाहिजे.

फुलाच्या या भागांचा दाण्याशी संबंध आहे, हे सिद्ध करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत जर्मनीतील ट्युबिंगेन येथील प्राध्यापक रुडॉल्फ कामेरारियस यांचे नाव येते. वनस्पतींतही नर-मादी असा भेद असतो, हे त्या काळी सर्वमान्य नव्हते. कामेरारियस यांनी एरंडाची नर-फुले उमलण्यापूर्वीच काढून टाकली. मक्याच्या कणसाचे केस कापले. दोन्ही ठिकाणी बी धरले नाही. आपले निष्कर्ष त्यांनी १६९४ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केले. आज हा प्रयोग कोणत्याही शाळेच्या परसात करता येईल.

वाऱ्यावर सोडलेले कण

भोपळ्याचे पराग चिकट आणि काटेरी असतात. ते मधमाशीच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत जातात. मक्याच्या तुऱ्यावरही मधमाश्या येतात. परंतु त्या पराग गोळा करण्यापुरत्याच. कणसाच्या केसांत त्यांना काहीच मिळत नाही, म्हणून तिकडे त्या फिरकत नाहीत. मक्याचा सर्व भार वाऱ्यावर असतो.

वाऱ्याला पत्ता माहीत नसतो. म्हणून वाऱ्यावर अवलंबून असणाऱ्या वनस्पतींना पराग उदंड निर्माण करावे लागतात. मक्याच्या एका तुऱ्यात वाणानुसार वीस लाखांपासून एक कोटीच्या पुढेपर्यंत परागकण तयार होतात. आपण कमीत कमी आकडा धरू. एका झाडाच्या वाट्याला २० लाख परागकण आणि ५०० बीजांडे आली, तर एका बीजांडामागे ४००० परागकण झाले. हा व्यय वरवर पाहता उधळपट्टीचा वाटतो. परंतु त्यांतील बहुतेक कण पानांवर किंवा जमिनीवर पडून वाया जातात, हे लक्षात घेतले म्हणजे या उधळपट्टीची गरज पटते.

मक्याचा परागकण वाऱ्याने वाहून जाणाऱ्या परागांमध्ये बराच मोठा आहे. त्याचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे तीक्ष्ण नजरेला तो एकेकटाही जेमतेम दिसू शकतो. मोठा, म्हणून जड. आणि जड, म्हणून लवकर खाली येणारा. स्थिर हवेत तो दर सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर या वेगाने खाली पडतो. आता एक साधे गणित करू. तुरा कणसापेक्षा एक मीटर उंच आहे असे समजा. एवढे अंतर खाली यायला परागकणाला १०० ÷ २५ = ४ सेकंद लागतील. वारा सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत असेल, तर चार सेकंदांत परागकण फक्त ८ मीटर दूर जाईल. प्रत्यक्षात वाऱ्याच्या झोतात आणि भोवऱ्यात सापडून काही थोडे कण शेकडो मीटरही जातात. परंतु बहुसंख्य कण आपल्या झाडापासून दहा-पंधरा मीटरच्या आतच पडतात.

या गणिताचा व्यवहारात उपयोग आहे. हौसेने परसात मक्याची एकच लांब ओळ लावली, तर कणसे नीट भरत नाहीत. वारा ओळीला आडवा वाहू लागला की सारे पराग ओळीबाहेर जातात. तितकीच झाडे चार-पाच आखूड ओळींत चौकोनात लावली, तर वारा कोणत्याही दिशेचा असो, पराग कोणत्या तरी कणसावर पडतातच. शेतातही बांधाकडेच्या कणसांपेक्षा मधली कणसे अधिक भरलेली आढळतात, त्याचे एक कारण हेच.

वेळेची गाठ

परागकण योग्य जागी पडणे पुरेसे नाही. तो योग्य वेळी, आणि जिवंत असतानाच पडला पाहिजे.

परागकणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अत्यंत टिकाऊ पदार्थाचे असते. त्यामुळेच लाखो वर्षांपूर्वीचे परागकण दलदलीच्या आणि तळ्यांच्या गाळात ओळखता येतील अशा स्थितीत सापडतात. परंतु टिकते ते कवच. आतला जीव नव्हे. मक्यासारख्या तृणकुलातील वनस्पतींचे पराग अल्पायुषी असतात. झाडावरून सुटताना त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. हे पाणी उडून गेले की कण मरतो. दमट, थंड हवेत तो काही तास तग धरतो; कोरड्या, तापलेल्या हवेत मात्र तास-दोन तासांतच निकामी होतो. म्हणूनच बहुतेक पराग सकाळी, दव वाळल्यानंतर आणि ऊन तापण्यापूर्वी झडतात. एका तुऱ्यातून असे पराग सुमारे आठवडाभर झडत राहतात. तुऱ्याच्या मुख्य दांड्याच्या मध्यापासून सुरुवात होते आणि नंतर बाजूच्या फांद्यांची पाळी येते.

कणसाचे केसही एकाच वेळी बाहेर येत नाहीत. कणसाच्या बुडाकडील फुलांचे केस प्रथम वाढू लागतात, शेंड्याकडील सर्वांत शेवटी. सर्व केस बाहेर पडावयास चार ते आठ दिवस लागतात. केसावर पराग पडेपर्यंत तो रोज अडीच ते चार सेंटिमीटर वाढत राहतो. जणू काही तो परागाला शोधत पुढे येतो. पराग पडून फलन झाले की त्याची वाढ थांबते आणि तो तपकिरी होऊन सुकतो. एखाद्या कणसाला फारच लांब, ताजे हिरवट केस लोंबताना दिसले, तर समजावे की त्याला पराग मिळालेले नाहीत.

बहुतेक वाणांत तुरा आधी पिकतो आणि केस एक ते तीन दिवसांनी येतात. झाड निरोगी आणि जमिनीत ओल असेल, तर एवढ्या अंतराने काही बिघडत नाही. परंतु ऐन तुऱ्यावर असताना पावसाने ओढ दिली, तर काय होते? तुरा ठरल्या वेळी येतो. केस मात्र पाण्याअभावी वाढत नाहीत. त्यांच्या पेशींची लांबी पाण्याच्या दाबानेच वाढत असते. तीन दिवसांचे अंतर आठ-दहा दिवसांचे होते. केस बाहेर येतात तेव्हा शिवारातील पराग संपलेले असतात. शेत हिरवेगार दिसते, ताटे उंच असतात आणि कणसे सोलून पाहावीत तर निम्मी रिकामी! त्यातच तपमान ३५ ते ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर उरलेले परागही निकामी होतात. नंतर कितीही पाऊस पडला तरी ते दाणे परत येत नाहीत. म्हणून पाणी मोजकेच असेल तर मक्याला तुरा आणि केस येण्याच्या दिवसांत ते चुकवू नये, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो.

मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून या अंतरावरच लक्ष केंद्रित केले. पाण्याचा ताण दिलेल्या शेतात ज्या झाडांचे केस तुऱ्याच्या पाठोपाठ बाहेर आले, ती झाडे निवडून त्यांचेच बी पुढे वाढवावयाचे, अशी त्यांची रीत होती. असे पिढ्यान्‌पिढ्या केल्यावर दुष्काळातही बरे भरणारे मक्याचे वाण हाती आले.

केसातून वीस सेंटिमीटर

परागकण केसावर पडला; पण बीजांड तर वेष्टणाच्या आत, १५-२० सेंटिमीटर दूर आहे. तेथपर्यंत तो कसा जातो?

हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. १८२४ साली जोव्हान्नी बात्तिस्ता आमिची या इटालियन शास्त्रज्ञाने आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. उत्तम सूक्ष्मदर्शक बनविण्यात त्यांचा हातखंडा होता. एका फुलाची कुक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असताना एका परागकणातून बारीक नळी बाहेर येत असलेली त्यांना दिसली. ते फूल होते आपल्या ओळखीच्या घोळाच्या भाजीचे! या नळीला परागनलिका म्हणतात. पुढे ही नलिका थेट बीजांडापर्यंत जाते, हेही आमिचींनी दाखविले.

मक्याच्या केसावर अतिसूक्ष्म लव असते. तीत परागकण अडकतो. केसातील ओलावा शोषून तो काही मिनिटांतच फुगतो. त्याच्या कवचाला एकच छिद्र असते आणि त्यावर झाकण असते. या छिद्रातून परागनलिका बाहेर पडते आणि केसाच्या आत शिरते. केसातील पेशींकडूनच अन्न घेत ती तासाला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने वाढते आणि साधारण एका दिवसात बीजांडाशी पोचते. ०.१ मिलिमीटरच्या कणाने २० सेंटिमीटर लांबीची नळी काढावयाची, म्हणजे स्वतःच्या दोन हजार पट! दीड मीटर उंचीच्या मुलाने तीन किलोमीटर लांब हात करावा, तसे हे झाले.

एका केसावर कधी कधी अनेक परागकण पडतात आणि अनेक नलिका एकाच वेळी धावू लागतात. बीजांडात मात्र सामान्यतः एकीलाच प्रवेश मिळतो. शिवाय शेजारच्या केसावर पडलेला परागकण बहुधा दुसऱ्याच झाडाचा असतो. मोकळ्या शेतात मक्याचे ९५ टक्क्यांच्या आसपास दाणे परपरागीभवनाने तयार होतात. म्हणजे एका कणसात शेजारी शेजारी बसलेले दाणे ही एका आईची, परंतु वेगवेगळ्या बापांची मुले असतात.

एक कण, दोन फलने

परागनलिकेतून दोन पुंयुग्मके बीजांडात उतरतात. दोन कशाला? एक अंडपेशीशी संयोग पावून भ्रूण तयार होतो, हे एदुआर्द श्ट्रासबुर्गर यांनी १८८४ साली दाखविले होते. दुसऱ्याचे काय होते, ते कीव्ह येथील सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली लिलीच्या कुलातील फुलांचा अभ्यास करून शोधून काढले. दुसरे पुंयुग्मक बीजांडाच्या मध्यभागी असलेल्या दोन ध्रुवीय केंद्रकांशी संयोग पावते आणि त्यापासून भ्रूणपोष, म्हणजे दाण्यातील अन्नसाठा, तयार होतो. याला दुहेरी फलन म्हणतात.

मक्यात हिशेब असा मांडता येतो. पुंयुग्मकात १० गुणसूत्रे आणि अंडपेशीत १०. मिळून भ्रूणात २०. भ्रूणपोषात मात्र आईकडील १० + १० आणि बापाकडील १०, एकूण ३०. मक्याच्या दाण्यात आपण जे पीठ खातो, ते या भ्रूणपोषाचे.

या शोधाने एक जुने गूढ उकलले. पांढऱ्या मक्याच्या शेजारी पिवळा मका लावला असता पांढऱ्या मक्याच्या कणसात त्याच हंगामात मधून मधून पिवळे दाणे दिसतात. आंब्याच्या झाडावर शेजारच्या झाडाचा पराग पडला, म्हणून फळाच्या गराची चव बदलत नाही. कारण गर हा आईच्या अंगाचा भाग आहे. मग मक्याचा रंग कसा बदलतो? १८९९ साली ह्यूगो द फ्रीस आणि कार्ल कोरेन्स यांनी याचे उत्तर दिले. दाण्याचा पिवळा रंग भ्रूणपोषात असतो आणि भ्रूणपोषाला बापही असतो! पिवळा गुण प्रभावी असल्यामुळे पिवळ्या मक्याचा पराग ज्या केसावर पडला, त्याच केसाचा दाणा पिवळा होतो. प्रत्येक परागकणाचा स्वतंत्र हिशेब असा उघड्या डोळ्यांना दिसावा, असे उदाहरण वनस्पतिसृष्टीत क्वचितच सापडेल.

गोड मका लावणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे. गोड मक्याचा गोडवा अप्रभावी गुणामुळे येतो. शेजारच्या शेतातील साध्या मक्याचे पराग त्याच्या केसांवर पडले, तर ते दाणे पिठूळ होतात. म्हणून दोन्ही पिकांत पुरेसे अंतर ठेवतात, किंवा दोन्हींना एकाच वेळी तुरे येणार नाहीत अशा बेताने पेरणी करतात. बियाण्यासाठी मका पिकविताना तर काहीशे मीटरपर्यंत दुसरा मका असू देत नाहीत.

तुरे खुडणारी माणसे

नर-फुले वर आणि मादी-फुले खाली, या रचनेचा माणसाने मोठा फायदा करून घेतला. तुरा हाताने उपटून टाकला की झाडाचे परागच संपले. मग त्या कणसाला आपल्याला हव्या त्या वाणाचेच पराग मिळतील अशी व्यवस्था करता येते. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी १९०८ सालापासून दाखवून दिले की, दोन शुद्ध वाणांचा संकर केला असता पहिल्या पिढीतील झाडे अतिशय जोमदार निघतात. शुद्ध वाण स्वतः दुबळे असल्यामुळे त्यांचे बी फार महाग पडे. १९१७-१८ च्या सुमारास डोनाल्ड जोन्स यांनी चार वाणांचा दुहेरी संकर सुचविला आणि ही अडचण दूर केली. त्यानंतर संकरित मका सर्वत्र पसरला. भारतात १९५७ साली मका सुधारणेचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि १९६१ साली ‘गंगा १’, ‘गंगा १०१’, ‘रणजित’ आणि ‘डेक्कन’ हे संकरित वाण शेतकऱ्यांच्या हाती आले.

संकरित बियाण्यासाठी शेतात मादी वाणाच्या काही ओळी आणि नर वाणाच्या काही ओळी आलटून पालटून पेरतात. मादी ओळींतील प्रत्येक तुरा पराग झडण्यापूर्वी खुडावा लागतो. हे काम अत्यंत कष्टाचे आहे. म्हणून ज्यांच्या तुऱ्यात परागच तयार होत नाहीत असे नरवंध्य वाण शोधण्यात आले. त्यांपैकी ‘टेक्सास’ नावाचा प्रकार इतका सोयीचा ठरला की, १९७० सालापर्यंत अमेरिकेतील सुमारे ८५ टक्के संकरित मक्यात त्याचेच पेशीद्रव्य होते. त्या वर्षी पानावरील करपा पाडणाऱ्या बुरशीचा एक नवा प्रकार तेथे फैलावला. त्याला नेमकी याच पेशीद्रव्याची झाडे बळी पडत. एका हंगामात त्या देशाच्या मक्याचे सुमारे १५ टक्के पीक बुडाले. पुढील संशोधनात असे आढळले की, ज्या जनुकामुळे पराग निकामी होत, त्याच जनुकामुळे झाडाला बुरशीचे विष बाधत होते. बियाणे तयार करणाऱ्यांना पुन्हा हाताने तुरे खुडण्याकडे वळावे लागले. सर्व शेतांत एकसारखेच पीक असणे किती धोक्याचे असते, याचा हा धडा आजही शिकविला जातो.

कणीस वाचावे कसे?

आता आपण कणसाची वही उघडू शकतो.

बुडाकडील दाणे नसतील, तर सुरुवातीचे केस बाहेर आले तेव्हा पराग मिळाले नाहीत. शेंड्याकडे दाण्यांचा मागमूस नसेल, तर शेवटचे केस येईपर्यंत पराग संपले होते. शेंड्याकडे बारीक, सुरकुतलेले, फिकट दाणे असतील, तर गोष्ट वेगळी आहे. तेथे फलन झाले होते. परंतु झाडाला पुढे अन्न पुरले नाही, म्हणून ते दाणे वाढले नाहीत. सर्वत्र विखुरलेल्या रिकाम्या जागा असतील, तर पराग कमी पडले, किंवा उष्णतेने बरेचसे मेले. कणसाच्या एका बाजूचेच दाणे नसतील, तर त्या बाजूचे केस इतर केसांखाली किंवा पानाखाली झाकले गेले असावेत किंवा किडीने कुरतडले असावेत.

करून पहा

१. बाजारातून किंवा शेतातून पाच-सहा कणसे आणा. प्रत्येकाच्या ओळी मोजा, एका ओळीतील दाणे मोजा आणि रिकाम्या जागा मोजा. वहीत कणसाची आकृती काढून रिकाम्या जागा काळ्या करा. दर शंभर बीजांडांमागे किती दाणे भरले, ते काढा.

२. शाळेच्या बागेत मका लावला असेल, तर केस येण्यापूर्वीच दोन कणसांवर कागदी पिशव्या बांधा. एकाची पिशवी शेवटपर्यंत काढू नका. दुसऱ्याचे केस बाहेर आल्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पिशवी काढून दुसऱ्या झाडाच्या तुऱ्यातील पराग त्यावर झटका आणि लगेच पिशवी परत बांधा. दोन्ही कणसांची शेवटी तुलना करा.

३. केस आल्यापासून आठवडाभराने एक कणीस तोडा. वेष्टण उभे चिरून, केसांना धक्का न लावता पाने अलगद काढा. कणीस आडवे धरून हलकेच हलवा. ज्या बीजांडाचे फलन झाले त्याचा केस गळून पडतो. ज्याचे झाले नाही त्याचा केस चिकटून राहतो. चिकटलेले केस म्हणजे येणाऱ्या रिकाम्या जागा. पीक तयार होण्याच्या कितीतरी आधी हा अंदाज करता येतो.

४. परागनलिका प्रत्यक्ष पाहण्यासाठी तेरडा किंवा सदाफुलीची ताजी फुले घ्या. मक्याच्या परागापेक्षा ही सोपी पडतात. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर विरघळवा. त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर पराग झटका. पट्टी ओल्या टिपकागदावर झाकून ठेवा. पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. काही कणांतून नळ्या निघालेल्या दिसतील. शंभर कणांपैकी किती रुजले, ते मोजा. तसेच काही पराग दोन तास कडक उन्हात ठेवून मग हाच प्रयोग करा. दोन आकड्यांतील फरक कशामुळे पडला, याची वर्गात चर्चा करा.

विचार करा

१. मक्याच्या शेतात तुरे आल्यावर सलग चार दिवस संततधार पाऊस लागला, तर कणसांवर काय परिणाम दिसेल? कणसाच्या कोणत्या भागात?

२. पिवळ्या मक्याच्या झाडावर पांढऱ्या मक्याचे पराग पडले, तर दाण्यांचा रंग कोणता असेल?

३. भोपळ्याच्या वेलावर मादी-फुले भरपूर येतात, पण कोवळी फळे पिवळी पडून गळतात. मक्याच्या रिकाम्या जागांशी या गोष्टीचा काय संबंध असू शकेल? तो संबंध तपासण्यासाठी तुम्ही कोणता प्रयोग कराल?